प्रातोच्या वह्या, परळच्या वह्या

इटलीला एकटीने जाण्याचा बेत मी घरात सांगितला, तेव्हा भाभींचा पहिला प्रश्न होता, "तिथे खाणार काय?" भाईंचा प्रश्न निराळा होता. "परत कधी येणार? मेअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या आहेत." साठी गाठलेली अविवाहित बाई परदेशात एकटी कशाला जाते, हा तिसरा प्रश्न कोणी विचारला नाही, पण तो सर्वांच्या चेहऱ्यावर होता.

आमचे धान्याचे दुकान लोअर परळला, डिलाईल रोडवर. या रस्त्याला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. बापुजी तरुणपणी कच्छहून आले, काही वर्षे एका नातलगाच्या दुकानात राहिले आणि मग खाली गाळा व वर दोन खोल्या असे त्यांनी आपले बस्तान बसवले. चहूकडे गिरण्या होत्या. आमचा दिवस घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर चाले. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक गिरणी कामगार आणि त्यांच्यासाठी खानावळ चालवणाऱ्या बाया. महिनाभर उधार न्यायचे आणि पगाराच्या दिवशी चुकते करायचे, असा व्यवहार. त्यासाठी लाल कापडी बांधणीच्या लांब वह्या असत. दर दिवाळीला नवी वही पूजली जाई आणि जुनी पोटमाळ्यावर जाई. अशा चाळीसेक वह्या तिथे साठल्या होत्या. इमारत आता पुनर्विकासाला निघाली होती आणि भाईंनी रद्दीवाल्याला सांगून ठेवले होते. "मी आल्यावर बघू," एवढे बोलून मी निघाले. खरे सांगायचे तर त्या वह्यांविषयी मलाही फारशी आस्था नव्हती.

इटलीचे वेड मात्र जुने होते. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले आणि पुढे ३७ वर्षे बँकेत नोकरी केली. प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षकांनी सांगितले होते की 'बँक' हा शब्द इटलीतल्या 'बांको' या शब्दावरून आला आणि बांको म्हणजे बाक. तिथले सराफ बाजारात बाक टाकून बसत. ज्याचा व्यवहार बुडाला त्याचा बाक मोडत, आणि त्यावरून दिवाळखोरीचा इंग्रजी शब्द आला असे म्हणतात. आपल्याकडे देणे देऊ न शकणारा व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, म्हणून दिवाळे निघाले, अशी व्युत्पत्ती सांगतात. पेढी, गादी आणि बाक यांचे हे नाते माझ्या मनात घर करून राहिले होते. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, थोडी शिल्लक होती, आणि महावीर जयंती आटोपल्यावर मी विमानात बसले.

रोममध्ये दोन दिवस काढले. भव्यतेने डोळे दिपले, पण मन कुठे रमले नाही. तिथल्या हॉटेलच्या मालकिणीने माझी एकच बॅग पाहून विचारले, "सोला?" मला वाटले ती सोळा म्हणते आहे, कसले सोळा, ते मला कळेना. मग तिने एक बोट वर केले, तेव्हा उमगले की सोला म्हणजे एकटी. पुढच्या दोन आठवड्यांत हा प्रश्न मला खानावळीत, स्थानकावर आणि संग्रहालयाच्या खिडकीवर इतक्या वेळा विचारला गेला की मी प्रश्नाआधीच उत्तर देऊ लागले.

भाभींच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच देऊन टाकते, कारण आपल्या वाचकांना त्याची काळजी असणार. खाकरे, थेपले आणि पाणी उकळण्यासाठी विजेची छोटी किटली सोबत होती. एका कागदावर 'आल्यो नाही, चिपोल्ला नाही' म्हणजे लसूण नाही, कांदा नाही, असे त्यांच्या भाषेत लिहून घेतले होते. खाली बटाटा, गाजर, मांस, मासे आणि अंडी यांची नावे. बहुतेकांनी तो कागद आदराने वाचला. तिथल्या प्रसिद्ध पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, तेव्हा ते वर्ज्य. इतर चीजचीही खात्री नसल्याने मी तो प्रकारच सोडला. टोमॅटो, तुळशीच्या जातीची पाने आणि ऑलिव्हचे तेल घातलेला पास्ता सर्वत्र मिळे. एप्रिलअखेर तिकडे सूर्य आठनंतर मावळतो आणि खानावळी सातच्या सुमारास उघडतात. दार उघडताच आत शिरणारी पहिली गिऱ्हाईक मी असे, आणि चौविहार एकही दिवस मोडला नाही. फ्लॉरेन्सकडचा पाव बिनमिठाचा असतो. तो पहिल्यांदा तोंडात घातला तेव्हा आयंबिलाच्या ओळीची आठवण होऊन मी एकटीच हसले.

व्हेनिसला सारे लोक पाण्यातली नगरी पाहतात. मी सकाळी लवकर उठून रिअल्टोचा बाजार गाठला. मासळीबाजाराच्या बाजूला न जाता पुलाजवळच्या सान जाकोमो या छोट्या चर्चपाशी थांबले. याच चौकातल्या कमानींखाली एकेकाळी व्हेनिसचे सराफ बसत. दोन व्यापारी समोर येऊन उभे राहत, एक तोंडाने सांगे, आणि सराफ आपल्या वहीत रक्कम एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात नेई. नाणे जागचे हलत नसे. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर जुना लॅटिन लेख कोरलेला आहे. या मंदिराच्या परिसरात व्यापाऱ्याचा न्याय सरळ असावा, वजने खोटी नसावीत आणि करारात कपट नसावे, असा त्याचा आशय. तो समजला तेव्हा मी जागीच थबकले. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो, त्यांत खोटी वजने-मापे हा एक आहेच. बापुजी रोज सकाळी तराजूची पारडी पुसत आणि रिकामी पारडी समपातळीत आली की मगच पहिले गिऱ्हाईक घेत. मी ती त्यांची लकब समजत असे.

जमा-नावेची दुहेरी पद्धत छापील रूपात प्रथम मांडणारे लुका पाचोली यांचे पुस्तकही याच नगरात १४९४ साली छापले गेले. पाचोली हे संन्यस्त साधू होते. हिशेबाचा ग्रंथ साधूने लिहावा, याचे आपल्याला नवल वाटायला नको. महावीराचार्यांनी इसवी सन ८५०च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, 'गणितसारसंग्रह' लिहिला आणि त्यात व्याजाची उदाहरणे विस्ताराने सोडवली आहेत.

फ्लॉरेन्समध्ये मी पाच दिवस मुक्काम केला. चित्रांची आणि शिल्पांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, ती मी करत नाही. धान्य-व्यापाऱ्याच्या मुलीला जे दिसले ते सांगते. शहराच्या मध्यावर ऑर्सानमिकेले नावाचे चर्च आहे. चौदाव्या शतकात ती इमारत धान्यबाजार म्हणून उभी राहिली. खाली बाजार आणि वरच्या मजल्यांवर धान्याची कोठारे. वरचे धान्य खाली सोडण्यासाठी खांबाच्या पोटातून पन्हळ काढलेली आहे आणि तिचे तोंड आजही दिसते. बाहेरच्या कोनाड्यांत लोकर, रेशीम, शस्त्रे अशा एकेका व्यवसायाच्या महाजनांनी आपापल्या संताची मूर्ती बसवली. त्यांसाठी दोनातेल्लो आणि गिबेर्ती यांच्यासारखे शिल्पकार राबले. लोक मान वर करून मूर्ती पाहत होते आणि मी वाकून ते धान्याचे तोंड पाहत होते.

एक दिवस पिसाला गेले. कललेला मनोरा पाहिला. ११७३ साली बांधकाम सुरू झाले आणि पायाखालची जमीन मऊ निघाली. पण माझे खरे काम शेजारच्या जुन्या दफनभूमीत होते. तिथे लिओनार्दोचा, म्हणजे फिबोनाचीचा, पुतळा आहे. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेतील बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांचे काम पाहत. तिथे हा मुलगा भारतीय अंक शिकला आणि १२०२ साली त्याने आपल्या ग्रंथात भारतीयांचे नऊ अंक आणि शून्य युरोपच्या व्यापाऱ्यांपुढे ठेवले. त्यांनी ते लगेच स्वीकारले असे मात्र नाही. १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने वहीत हे अंक लिहिण्यास मनाई केली. शून्याला शेपूट जोडून सहा किंवा नऊ करणे फार सोपे, असे कारण सांगतात. बँकेत रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहा म्हणून मी ३७ वर्षे लोकांना सांगत आले होते, ते मला आठवले.

फ्लॉरेन्सच्याच एका चौकात इन्नोचेन्ती नावाचा अनाथाश्रम आहे. ब्रुनेलेस्कीने त्याची रचना केली आणि १४१९ साली बांधकाम सुरू झाले. कमानींवर निळ्या पार्श्वभूमीवर कापडात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत. हा आश्रम कोणाच्या पैशावर सुरू झाला याची चौकशी करता एक नाव कळले. प्रातो गावचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी. त्याने मृत्युपत्रात या कामासाठी एक हजार सुवर्णनाणी ठेवली होती. प्रातो आगगाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर. शेवटचा दिवस मी खरेदीसाठी राखला होता. तो प्रातोला दिला.

प्रातो हे कापडाचे गाव. शतकानुशतके तिथे लोकर विणली जाते. जुन्या लोकरी चिंध्या गोळा करायच्या, रंगानुसार निवडायच्या, पिंजून त्यांचे पुन्हा सूत करायचे, या विद्येवर ते गाव श्रीमंत झाले. आता तिथे चिनी वंशाचे हजारो लोक कपड्यांच्या व्यवसायात आहेत. धंद्याने हात बदलले, पण गावात यंत्रे चालू आहेत. काम्पोल्मी नावाच्या बंद पडलेल्या गिरणीत वस्त्रसंग्रहालय केले आहे आणि जुने धुराडे तसेच उभे ठेवले आहे. ते धुराडे पाहून मला घरासमोरची धुराडी आठवली. आमच्याकडेही फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आल्या. धुराडी कुठे शोभेसाठी राहिली, कुठे गेली. पण त्या धुराड्यांखाली कोण काय खात होते, याची नोंद कुठे आहे, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

दातिनीचा जन्म १३३५च्या सुमाराचा. १३४८च्या प्लेगमध्ये आईवडील गेले. दोन वर्षांनी हा पोरका मुलगा फ्रान्समधल्या आविन्यो या नगरीला निघाला. त्याने पिसा, फ्लॉरेन्स, जेनोआ आणि स्पेनच्या बंदरांपर्यंत पेढ्या उघडल्या. व्यवहारात तो कठोर होता. लापो मात्सेई नावाचा त्याचा नोटरी मित्र पत्रांतून त्याला सतत बजावत असे, की धनाचा हव्यास आवर, आत्म्याचे पाहा. दातिनीला औरस मूल नव्हते. १४१० साली तो वारला तेव्हा जवळपास सारी संपत्ती त्याने प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली आणि आपले कागद जपावेत असेही सांगितले. गावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. हातात हुंड्यांची चळत आहे.

त्याचा वाडा अजून उभा आहे. त्याचे कागद तिथल्याच एका जिन्याजवळच्या अंधाऱ्या कोनाड्यात १८७० साली पोत्यांत भरलेले सापडले. सुमारे दीड लाख पत्रे, पाचशेहून अधिक हिशेबवह्या, भागीदारीचे करार, विम्याचे कागद. वह्यांच्या आरंभी देवाचे नाव आणि सोबत नफ्याचे नाव. आपल्या चोपड्यावर एका बाजूला शुभ आणि दुसऱ्या बाजूला लाभ असतो, तसेच. पत्रांत पत्नी मार्गेरिताची पत्रे आहेत. ती प्रौढपणी लिहायला शिकली. पीठ दळून आले का, तेल कुणाकडे पाठवले, गाढव कोणाच्या ताब्यात दिले, असल्या गोष्टींवरून नवराबायकोचा वाद. चौदाव्या शतकातली माणसे काय खात, काय नेसत, कशावरून भांडत, हे आज अभ्यासकांना ठाऊक आहे ते या पोत्यांमुळे.

वाड्यात देखरेखीला एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनीही "सोला?" विचारले. मोबाइलवरच्या भाषांतराच्या साहाय्याने आम्ही बोललो. माझे वडील धान्य विकत, आमच्याकडेही चाळीस वह्या आहेत, त्या आता रद्दीत जाणार आहेत, असे मी सहज सांगून गेले. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी फोन हाती घेऊन सावकाश टंकले: "यांनाही ४६० वर्षे कोणी विचारले नव्हते."

त्या रात्री मी भाईंना फोन केला. "रद्दीवाला आला का?" "उद्या बोलावला आहे." "त्याला थांबवा." "इटलीहून रद्दीसाठी फोन करतेस?" भाई हसले, पण त्यांनी त्याला थांबवले.

परतले तेव्हा मुंबईत मेचा उकाडा होता. घरात खोक्यांचे ढीग लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक आटोपून मी पोटमाळ्यावर चढले. वह्यांना वाळवी लागली नव्हती. काहींना कसर लागली होती. पहिल्या पानावर बापुजींच्या गुजराती अक्षरात श्रीकाराचा मनोरा, खाली गौतमस्वामींची लब्धी, धन्ना-शालिभद्राची ऋद्धी, कयवन्ना शेठचे सौभाग्य. शोधत शोधत संवत २०३८च्या वहीपाशी आले. हे संपाचे वर्ष. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि पुढे बहुतेकांना गिरणीचे दार पुन्हा दिसले नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. शाळेत मराठी शिकलेली म्हणून दुपारी बापुजी मला वहीवर बसवत. त्या वहीत अर्धी नावे माझ्या बाळबोध अक्षरात आहेत. महिन्यामागून महिने नावे टाकलेले आहे, जमेची बाजू कोरी.

वाचता वाचता मी एका पानाची वाट पाहत होते आणि ते सापडू नये असेही वाटत होते. पर्युषणातली दुपार होती. बापुजी उपाश्रयात व्याख्यानाला गेले होते. मागच्या चाळीतली एक बाई पिशवी घेऊन तांदूळ मागायला आली. मी खाते पाहिले आणि सांगितले, "मागची बाकी भरल्याशिवाय मिळणार नाही." ती काही बोलली नाही. पिशवीची घडी केली आणि गेली. मी गल्ल्यावर असताना ती पुन्हा कधी आली नाही. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. दरवर्षी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणताना ती घडी केलेली पिशवी मला दिसे.

पान सापडले. तिच्या नवऱ्याच्या खात्यावर माझ्या अक्षरात बाकीचा आकडा होता, रुपये ३१२. त्याखाली त्याच दिवसाची तारीख आणि बापुजींच्या अक्षरात नोंद: चोखा ५ किलो, मूगडाळ १ किलो, गोडेतेल १ किलो. रकमेच्या रकान्यात शून्य. कोठीतला माल गेला म्हणजे तो लिहिला पाहिजे, आणि पैसे मागायचे नाहीत म्हणजे तेही लिहिले पाहिजे. बँकेत अशी नोंद मला कोणी मंजूर करू दिली नसती.

वही घेऊन मी खाली आले आणि भाईंपुढे ठेवली. भाईंनी चष्मा लावून पान पाहिले. "मीच पोचवले होते," ते म्हणाले. "संध्याकाळी. बाईने आधी घेतले नाही, मग घेतले."

"मला का नाही सांगितलेत?"

"बापुजींनी सांगितले होते, तिला काही बोलू नकोस. हिशेब तिने बरोबरच केला होता."

त्या दिवशी आम्ही दोघे दुपारपर्यंत वह्या पाहत बसलो. संपानंतर पुष्कळ खाती तशीच उघडी राहिली आहेत. माणसे गावी गेली, काही आठवतात, काही नाहीत. पण १९८४, १९८५, अगदी १९९१पर्यंत अधूनमधून जमेच्या बाजूला नोंदी आहेत. रत्नागिरीहून मनीऑर्डर १० रुपये, साताऱ्याहून २५ रुपये. कोणी मागणी केलेली नव्हती. या नोंदी भाईंनाही ठाऊक नव्हत्या. दुकान पूर्णपणे त्यांच्या हाती येण्यापूर्वीच्या त्या होत्या.

वह्यांचे काय करायचे यावर घरात एकमत झाले आहे, पण शंका मिटलेली नाही. दातिनीने आपले कागद स्वतः जपायला सांगितले होते. आमच्या वहीतली नावे मात्र देणेकऱ्यांची आहेत. कोणाच्या आजोबांची अडचण चारचौघांत मांडण्याचा अधिकार आम्हाला नाही. म्हणून तूर्त त्या कोणाला द्यायच्या नाहीत, घरातच ठेवायच्या. वाडीलाल महाराजांच्या तसबिरीसाठी घेतलेले लोखंडी कपाट भाईंनी त्यांसाठी रिकामे केले. भाभींनी वह्या दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवल्या, सुती कापडात बांधल्या आणि प्रत्येक बांधणीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. मी प्रत्येकीवर संवत आणि इसवी सन लिहिलेली चिठ्ठी लावली. नव्या पिढीला गुजराती हिशेबी लिपी वाचता येत नाही, तेव्हा भाईंकडून खुणा आणि संक्षेप समजून घेऊन त्यांची एक यादी करते आहे. हे काम भाईंची दृष्टी शाबूत आहे तोवरच होणार आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या पोटमाळ्यावर अशा वह्या असतील आणि अनेकांच्या इमारती पाडायला निघाल्या असतील. रद्दीचा भाव ठरवण्यापूर्वी एक दुपार काढून त्या उघडून पाहाव्यात, इतकीच विनंती. घरात ते अक्षर वाचू शकणारे वडीलधारे असतील, तर त्यांना शेजारी बसवावे.

आम्ही मेअखेर खोल्या सोडल्या. सामानाच्या टेम्पोत कपाट सर्वांत शेवटी चढवले. हमालाने विचारले, "यात काय आहे, एवढे जड?" भाई म्हणाले, "धान्य आहे. सांभाळून."